दोन्ही अंगांचे वळण

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशातील मंगलगिरी येथे सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत विदर्भ आणि मणिपूर हे संघ समोरासमोर आले. वीस-वीस षटकांच्या या प्रकारात एका गोलंदाजाच्या वाट्याला जास्तीत जास्त चार षटके येतात आणि त्या चोवीस चेंडूंत पंचवीस-तीस धावांवर निभावले, तरी दिवस चांगला गेला असे मानतात. विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने त्या दिवशी चार षटके टाकली, दोन गडी बाद केले आणि त्याच्या नावापुढील धावांच्या रकान्यात शून्य राहिले. चारही षटके निर्धाव. पुरुषांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये असा हिशेब तोवर कोणाच्याही नावावर लागलेला नव्हता. मणिपूरचा डाव ५५ धावांत आटोपला. पुढच्याच सामन्यात सिक्कीमविरुद्ध त्याने पाच धावांत चार बळी घेतले आणि त्यांत हॅटट्रिकही होती.

प्रतिस्पर्धी संघ नवखे होते, हे येथे मान्य केले पाहिजे. तथापि नवख्यांविरुद्ध हजारो सामने झाले आणि तसा शून्य त्यापूर्वी कोणाला साधला नव्हता, हेही तितकेच खरे.

अक्षय कर्णेवार हा यवतमाळचा. कापसाच्या गाठी, तुरीचे भाव आणि पावसाचा अंदाज यांभोवती ज्या जिल्ह्याची बोलणी फिरतात, त्या जिल्ह्यातून आलेल्या या खेळाडूचे वैशिष्ट्य त्या शून्याहूनही दुर्मीळ आहे. तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करू शकतो. डाव्या हाताने टाकलेला त्याचा फिरकी चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर वळतो. उजव्या हाताने टाकलेला ऑफस्पिन त्याच फलंदाजाच्या अंगावर येतो. समोर डावखुरा फलंदाज आला, की हाच हिशेब उलटतो. एकाच गोलंदाजाच्या झोळीत दोन्ही दिशांची वळणे असावीत, हे भाग्य फार थोड्यांना लाभते. श्रीलंकेचा कामिंदू मेंडिस हे त्यांतले जगाला ठाऊक असलेले नाव.

परंतु हे भाग्य जन्मजात मिळालेले नव्हते. सुरुवातीला कर्णेवार उजव्या हाताचा ऑफस्पिनर होता. फलंदाजी मात्र डावरी, आणि क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकायचा तोही डाव्या हाताने. शाळकरी वयात त्याच्या प्रशिक्षकांच्या नजरेस ही गोष्ट आली आणि त्यांनी सुचवले, की फेकता डाव्या हाताने, तर टाकूनही पाहा. पुढे डावा हात हाच त्याचा मुख्य हात झाला आणि उजवा हात राखीव राहिला.

व्यापारी कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना या प्रसंगातले मर्म वेगळ्या रीतीने जाणवेल. आपल्या घरांत डाव्या हाताची मुभा मुलाला सहजासहजी मिळत नाही. ताटावर बसलेल्या मुलाने डावा हात पुढे केला, की आजी तो हलकेच मागे सारते. दुकानात गिऱ्हाइकाला सुटे पैसे डाव्या हाताने दिले, तर वडील डोळे वटारतात. दिवाळीच्या वहीपूजनात तर डाव्या हाताचा प्रश्नच उद्भवत नाही. या शिस्तीमागे समोरच्याचा मान राखण्याची भावना आहे आणि ती टाकाऊ नाही. तथापि देवाणघेवाणीचा शिष्टाचार निराळा आणि हाताचे अंगभूत कसब निराळे. पहिला सांभाळताना दुसरे कायमचे दडपले जाण्याची शक्यता असते. यवतमाळच्या त्या मुलाला ‘हा हात नको’ असे सांगण्याऐवजी ‘याही हाताने पाहा’ असे सांगणारा माणूस योग्य वेळी भेटला, एवढाच फरक.

चेंडू दोन्ही अंगांना वळवण्याची ही विद्या क्रिकेटपुरती नाही. ज्या खेळात तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला, तो खेळ म्हणजे गोल्फ.

गोल्फ हा यवतमाळ जिल्ह्याच्या अंगणातला खेळ नव्हे. वणी, पुसद, दारव्हा किंवा पांढरकवडा येथील पेठेत गोल्फची काठी मागितली, तर दुकानदार क्रिकेटची बॅट पुढे करील. परंतु आता या पेठांतील घराघरांतली मुले पुण्या-मुंबईत नोकरी-व्यवसाय करतात, कोणी परदेशी स्थिरावली आहेत आणि सुट्टीत आईवडिलांना घेऊन एखाद्या हिरव्यागार मैदानाकडेही जातात. शिवाय ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे, ज्या दिवशी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले त्याच दिवशी, टोकियोत अदिती अशोक गोल्फच्या पदकासाठी झुंजत होती आणि भारतातील असंख्य घरे उजाडण्यापूर्वीच दूरचित्रवाणीसमोर बसली होती. चार दिवसांच्या खेळानंतर तिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. पुरुषांमध्ये त्याच स्पर्धेत भारताचे दोन खेळाडू होते : पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि पुण्याचाच उदयन माने. हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका राहिलेला नाही.

वस्तुतः भारताचे गोल्फशी नाते फार जुने आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि ब्रिटनबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. १९६५ साली बिल्लू सेठी या हौशी खेळाडूने इंडियन ओपन जिंकली. १९९१ साली तीच स्पर्धा अली शेरने जिंकली. दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या कॅडींच्या वर्तुळातून तो वर आला होता. साहेबांचा म्हणून हिणवला गेलेला खेळ पिशवी वाहणाऱ्याने पाहून पाहून आत्मसात केला, ही गोष्ट ज्यांची मागली पिढी दुसऱ्याच्या गादीवर मुनीम म्हणून बसली होती, त्यांना निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता मूळ विषयाकडे. गोल्फचा चेंडू वजनाने ४६ ग्रॅमच्या आत असतो आणि त्याचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर. तो ज्या छिद्रात पोहोचवायचा, त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. या दोहोंमध्ये कधी चारशे मीटरांहूनही अधिक अंतर असते, वाटेत झाडे, पाणी आणि वाळूचे खड्डे असतात, आणि कमीत कमी फटक्यांत मजल मारायची असते. काठी हवेत फिरवून चेंडूवर आणण्याच्या संपूर्ण हालचालीला स्विंग म्हणतात. काठीचे तोंड आणि चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या क्षणात जे ठरते, ते पुढे बदलता येत नाही. म्हणून गोल्फची सारी साधना त्या क्षणाच्या आधीची असते.

विटीदांडू खेळलेल्या माणसाला याची थोडी कल्पना असते. विटी उडाल्यावर दांडू जोरात फिरवला, तरी ती सरळ जाईलच असे नाही. दांडू कोणत्या वाटेने आला आणि विटीला लागताना त्याचा रोख कुठे होता, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. गोल्फच्या स्विंगमध्येही याच दोन गोष्टी निर्णायक आहेत : काठीची वाट आणि काठीच्या तोंडाचा रोख.

नवशिक्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो. उजव्या हाताच्या खेळाडूबाबत याला स्लाइस म्हणतात. कारण साधे असते. तो केवळ हातांच्या जोराने मारू पाहतो. त्यामुळे काठी बाहेरून आत, म्हणजे उजवीकडून डावीकडे, चेंडूला कापत जाते आणि तिचे तोंड त्या वाटेच्या तुलनेत उघडे राहते. चेंडूला तिरकी फिरकी बसते आणि तो उजवीकडे वळत जातो. नवशिका घाबरून पुढच्या वेळी आणखी डावीकडे नेम धरतो. त्यामुळे काठी आणखी तिरकी येते आणि चेंडू आणखी वळतो. जुने कर्ज फेडण्यासाठी चढ्या व्याजाचे नवे कर्ज काढणाऱ्या माणसाची जी अवस्था होते, तीच ही.

यावर उपाय जोर वाढवण्यात नाही. जाणते शिक्षक विद्यार्थ्याला प्रथम काठी धरायला शिकवतात. पकड अशी असावी, की काठी सुटणार नाही आणि मनगटे आखडणारही नाहीत. नंतर पाय, गुडघे, कंबर आणि खांदे एकाच रेषेत, लक्ष्याला समांतर ठेवायला शिकवतात. जमिनीवर दोन काठ्या समांतर आडव्या टाकून त्यांच्या मध्ये उभे राहिले, की आपण समजतो त्याहून किती तिरके उभे राहतो हे ध्यानात येते. मग अर्धाच स्विंग, हात कमरेपर्यंत वर आणि कमरेपर्यंत पुढे. मागे जाताना खांदे वळले पाहिजेत, परत येताना आधी कंबर सुटली पाहिजे आणि हात सर्वांच्या मागून आले पाहिजेत. या अर्ध्या स्विंगमध्ये चेंडू सरळ जाऊ लागेपर्यंत पूर्ण स्विंगला हात घालू नये. पन्नाशी-साठीत हा खेळ सुरू करणाऱ्यांसाठी तर हा नियम विशेष मोलाचा, कारण त्या वयात कंबर आणि पाठ चुकीची किंमत वसूल करतात.

एवढे साधल्यावर पुढचा प्रश्न येतो तो वळणाचा. सरळ फटका सर्वांत सोपा, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात अगदी सरळ फटका हा सर्वांत अवघड, कारण काठीची वाट आणि तोंडाचा रोख या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या तरच तो साधतो. म्हणून अनुभवी खेळाडू वळण टाळू पाहत नाहीत. ते वळण आपल्या ताब्यात आणतात. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू थोडा उजवीकडे निघून डावीकडे परत आला, की त्याला ड्रॉ म्हणतात. थोडा डावीकडे निघून उजवीकडे परत आला, की फेड. ड्रॉ खाली उतरल्यावर अधिक पळतो, फेड किंचित उंच जातो आणि लवकर थांबतो. हीच वळणे ताब्याबाहेर गेली, की त्यांना अनुक्रमे हुक आणि स्लाइस ही नावे मिळतात.

या वळणांच्या कारणमीमांसेत अनेक दशके एक चूक चालत आली होती. काठी ज्या वाटेने येईल त्या दिशेने चेंडू निघतो आणि शेवटी काठीच्या तोंडाचा रोख जिकडे असेल तिकडे वळतो, असे नामांकित शिक्षकही सांगत. थिओडोर जॉर्गेनसेन या पदार्थवैज्ञानिकाने १९९० च्या दशकात गोल्फच्या भौतिकशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या समजुतीच्या उलट मांडणी केली. पुढे चेंडूचा मागोवा घेणारी रडार यंत्रे सरावाच्या मैदानांवर आली, तेव्हा तिची खातरी पटली. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या रोखाने. वळतो तो तोंडाचा रोख आणि काठीची वाट यांच्यातील फरकामुळे.

फरक किरकोळ वाटला, तरी त्याचा परिणाम मोठा आहे. ड्रॉ मारू इच्छिणारा खेळाडू जुन्या समजुतीनुसार काठीचे तोंड थेट लक्ष्याकडे ठेवी आणि काठी उजवीकडे झोकत असे. चेंडू लक्ष्याच्या दिशेने निघे आणि तेथून डावीकडे वळून झाडीत जाई. शिष्य स्वतःला दोष देत बसे. दोष मात्र सूत्राचा होता. नव्या हिशेबानुसार काठीची वाट लक्ष्याच्या उजवीकडे समजा चार अंश असेल, तर तोंडाचा रोख उजवीकडेच, पण सुमारे दोन अंश असावा. चेंडू किंचित उजवीकडे निघेल आणि वळून लक्ष्यावर येईल. फेडसाठी हेच गणित डाव्या बाजूने मांडायचे. वहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू असतात. त्यांतली एकच बाजू पाहून शिल्लक सांगणारा जसा फसतो, तसा केवळ वाट किंवा केवळ तोंड पाहणारा खेळाडू फसतो.

सरावाची रीत यावरून ठरते. प्रथम आपला चेंडू स्वभावतः कोणत्या बाजूला वळतो, हे प्रामाणिकपणे पाहावे. त्यासाठी सात क्रमांकाचे आयर्न घ्यावे. जास्त उताराच्या आखूड काठ्यांनी चेंडूला उलटी फिरकी अधिक बसते आणि आडवे वळण झाकले जाते. लांब ड्रायव्हरने वळण अवास्तव मोठे दिसते. मधली काठी खरे सांगते. तिने वीस चेंडू मारून त्यांतले किती कोणीकडे गेले, ते कागदावर लिहावे, कारण चांगले फटके मनात राहतात आणि वाईट विसरले जातात. नंतर स्वभावतः येणारे वळण लहान व नेमके करावे. ते दहापैकी सात-आठ वेळा साधू लागले, तरच दुसऱ्या दिशेला हात घालावा. दुसरे वळण शिकताना पायांची आणि खांद्यांची रेषा किंचित बदलावी, काठीचे तोंड आधी जुळवून मगच पकड घ्यावी, आणि स्विंग मात्र आपल्या रेषेत नेहमीचाच ठेवावा. ऐन वेळी मनगटाने चेंडू वळवण्याचा मोह टाळावा. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात मनगटाला सूचना पोहोचत नाही.

येथवरचे सारे सांगण्यासारखे आहे. जे सहसा सांगितले जात नाही ते असे, की दुसरे वळण शिकू लागले की काही काळ पहिलेही बिघडते. जो चेंडू कालपर्यंत हमखास येत होता, तो आज येत नाही, आणि नवा तर अद्याप आलेलाच नसतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्याची भावना दाटून येते. पुष्कळ जण येथेच माघार घेतात. धंद्यात दुसरी शाखा उघडलेल्या माणसाला हा काळ ठाऊक असतो : नव्या दुकानाची विक्री सुरू झालेली नसते आणि जुन्या गादीवर लक्ष राहिलेले नसते. त्या वर्षाचा ताळेबंद पाहून शाखा बंद करावी, की आणखी एक वर्ष थांबावे, याचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही. पहिल्या दुकानाचा पाया किती पक्का होता, यात ते असते. म्हणूनच पहिले वळण पक्के झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न घालण्याचा नियम आहे.

अमेरिकेचा बेन होगन हे या बाबतीतले मोठे उदाहरण. तरुणपणी त्याचा चेंडू डावीकडे हुक होऊन जाई आणि त्या दोषाने त्याला वर्षानुवर्षे छळले. बहुतेक खेळाडू असा दोष झाकून खेळत राहतात. होगनने आपली पकड बदलली, अफाट सराव केला आणि उजवीकडे अलगद वळणारा फेड हे आपले भरवशाचे हत्यार केले. १९४६ ते १९५३ या काळात त्याने नऊ प्रमुख स्पर्धा जिंकल्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला समोरून येणाऱ्या बसने धडक दिली आणि तो पुन्हा चालू शकेल की नाही अशी शंका निर्माण झाली. पुढच्या वर्षी, १९५० साली, त्याने पुन्हा अमेरिकन ओपन जिंकली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण बबा वॉटसनचे. २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेत बरोबरीनंतरच्या निर्णायक छिद्रावर या डावखुऱ्या खेळाडूचा पहिला फटका झाडांत गेला. समोर लक्ष्य दिसत नव्हते. सरळ वाट नव्हतीच. त्याने चेंडू झाडांच्या फटीतून बाहेर काढला आणि हवेतच त्याला असे प्रचंड वळण दिले, की तो उजवीकडे फिरून हिरवळीवर उतरला. वॉटसन ती स्पर्धा जिंकला. रीतसर शिक्षकाकडून धडे न घेतलेल्या या खेळाडूने लहानपणापासून चेंडू दोन्ही बाजूंना वाकवण्याचा खेळच मांडला होता. अडचणीच्या क्षणी तो खेळ कामास आला.

ही दोन उदाहरणे परस्परविरुद्ध दिसतात, परंतु त्यांचे सार एकच आहे. दोन्ही वळणे अंगी असावीत. भरवसा मात्र एकावर असावा. रोजचा व्यवहार भरवशाच्या वळणावर चालतो. दुसरे वळण झाडांत सापडल्यावर कामी येते. जो खेळाडू केवळ येते म्हणून प्रत्येक फटक्याला नवे वळण देऊ पाहतो, त्याच्या गुणपत्रिकेत ते लगेच दिसते. कर्णेवारची ओळखही प्रामुख्याने डावखुरा फिरकी गोलंदाज अशीच आहे. उजवा हात तो रोज मिरवीत नाही.

आणि त्याची आणखी एक बाजू आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला रणजी करंडकाचा अंतिम सामना विदर्भ आणि सौराष्ट्र यांच्यात झाला. आदल्या वर्षी प्रथमच हा करंडक जिंकलेल्या विदर्भासमोर तो राखण्याचे आव्हान होते. पहिल्या दिवसअखेर विदर्भाची अवस्था ७ बाद २०० अशी होती. पुढले तीन गडी झटपट गेले असते, तर सामना हातचा जाण्याची चिन्हे होती. त्या वेळी कर्णेवार बॅट घेऊन उभा होता. शेवटच्या गड्यांना हाताशी धरून त्याने नाबाद ७३ धावा केल्या आणि विदर्भाचा डाव ३१२ पर्यंत पोहोचला. सौराष्ट्राचा पहिला डाव ३०७ धावांवर संपला. म्हणजे आघाडी उरली ती अवघ्या पाच धावांची. पुढे आदित्य सरवटेच्या फिरकीने सामना जिंकून दिला आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक उंचावला. त्यानंतर काही दिवसांतच, इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध कर्णेवारने १०२ धावा केल्या. गोलंदाज म्हणून संघात आलेल्या माणसाने बॅटने संघ सावरला. दुसऱ्या अंगाची तयारी केलेली होती, म्हणून ती गरजेच्या दिवशी हाताशी आली.

या विद्येला एक नैतिक बाजूही आहे आणि तिच्याविना हा विषय अपुरा राहील. दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा माणूस फलंदाजाला गाफील गाठू शकेल, असे कोणाला वाटेल. क्रिकेटचा कायदा तशी मुभा देत नाही. गोलंदाज कोणत्या हाताने आणि यष्टीच्या कोणत्या बाजूने चेंडू टाकणार, हे त्याने पंचांना आधी सांगावे लागते आणि पंच ते फलंदाजाला कळवतात. न सांगता हात बदलला, तर तो चेंडू नोबॉल ठरतो. म्हणजे या कसबाचे सामर्थ्य लपवाछपवीत नाही. आता उजव्या हाताने टाकतो, असे उघड सांगूनही ज्याचा चेंडू खेळता येत नाही, त्याचे कसब खरे. मापात पाप न करता धंदा वाढवलेल्या पेढ्यांना हा कायदा आपलासा वाटेल.

गोल्फमध्ये तर पंच प्रत्येक खेळाडूसोबत नसतोच. आपला दोष आपणच नोंदवायचा असतो. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू काठी लावण्यापूर्वी गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. जोन्सने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर तो बरोबरीत राहिला आणि नंतरच्या निर्णायक फेऱ्यांत एका फटक्याने हरला. लोकांनी स्तुती केली, तेव्हा बँक न लुटल्याबद्दल कोणाची स्तुती करतात काय, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. तो एक फटका त्याला विजेतेपदापेक्षा महाग पडला नाही.

आता या साऱ्याचा आपल्या घरांशी असलेला संबंध. व्यापारी कुटुंबात मुलाचे वळण लवकर ठरते. दहावी-बारावीच्या सुमारास तो गादीवर बसणार, सनदी लेखापाल होणार की डॉक्टर, याची दिशा मोठी माणसे आखून देतात. ती दिशा बहुधा हिताची असते. पहिले वळण पक्के करणे, हेच ते काम. परंतु त्याच मुलाच्या अंगात दुसरे काही दिसत असेल, एखादा खेळ, एखादे वाद्य, यंत्र उघडून पुन्हा जोडण्याची आवड, किंवा मुलीच्या बाबतीत दुकानाचा व्यवहार डोक्यात ठेवण्याची तल्लख बुद्धी, तर त्याकडे पाहणारा एक डोळा घरात असला पाहिजे. हे दुसरे अंग वाढवायला काही वर्षे लागतील, त्या काळात गुण थोडे घसरतील, पैसा लागेल, आणि परतफेडीची हमी कोणी देणार नाही. कर्णेवारसारख्यांपैकी बहुतेकांच्या नावे विश्वविक्रम लागत नाही, हेही पालकांनी जाणून असावे.

तरीही ही गुंतवणूक वाया जात नाही. साठीनंतर गादी मुलाकडे सोपवल्यावर ज्यांच्याजवळ दुसरे वळण नसते, त्यांचा दिवस फार लांबतो. हिशेबाच्या वह्या पुन्हा पुन्हा पाहण्यात आणि सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष घालण्यात तो सरतो. ज्यांनी पूर्वीच काही जोपासले, ते मुलाकडे पुण्याला गेले, तर पहाटे काठ्यांची पिशवी घेऊन मैदानावर जातात, अठरा छिद्रांच्या फेरीत सहा-सात किलोमीटर चालतात आणि उजवीकडे जाणारा आपला चेंडू यंदा तरी सरळ होतो का, हे पाहतात.

यवतमाळच्या मैदानावर आजही कोणी तरी मूल उजव्या हाताने चेंडू टाकत असेल आणि सीमारेषेवरून डाव्या हाताने फेकत असेल. ते पाहणारा कोणी तेथे उभा असावा.